कागदोपत्री फिटर

एका माणसाला दोन खेळ उत्तम येत असतील तर लोक त्याला गुणी म्हणतात. म्हणोत बापडे. त्यांना त्याची हजेरी लिहायची नसते. मला ती सात वर्षं लिहावी लागली, आणि त्या सात वर्षांत माझ्या डोक्यावरचे निम्मे केस गेले. उरलेले पुढे वयानं गेले, त्यांचा दोष मी त्याला देत नाही.

गोवा मुक्त होऊन दहा-बारा वर्षं झाली होती. मी मूळचा सावंतवाडीकडचा. नोकरीसाठी डिचोलीत आलो आणि एका खाणकंपनीच्या टाइम ऑफिसात कारकून म्हणून चिकटलो. त्या काळी खाणकंपनी म्हटली की तिचा फुटबॉलचा संघ असायचाच. खेळाडूंना खेळण्यासाठीच नोकरी दिली जायची, पण तसं कागदावर लिहायची सोय नव्हती. म्हणून आमचा लेफ्ट विंग मस्टरवर वेल्डर होता, सेंटर फॉरवर्ड स्टोअरकीपर होता आणि गोलकीपर फिटर होता. या फिटरनं कधी पाना हातात धरल्याचं मी पाहिलं नव्हतं. साहेबांनी मला संघाचा सेक्रेटरीही करून टाकलं होतं, कारण माझं अक्षर चांगलं होतं. फुटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. कळलं पाहिजे असं कुणाला वाटतही नव्हतं.

त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं तर पेडण्याहून दोन बस बदलून तो माझ्या दारात उभा राहील आणि वेलांटी चुकली म्हणून सांगेल.

त्याचं गाव मोपाच्या सड्याखाली. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. गावातली पोरं तिथेच खेळायची. गवताच्या मैदानावर गोलकीपर चेंडूसाठी आडवा झेप घेतो तेव्हा लोक टाळ्या वाजवतात. हा जांभ्यावर झेप घ्यायला शिकला होता. त्याच्या कोपरांवर आणि गुडघ्यांवर कातडीपेक्षा खपल्याच जास्त होत्या. पण खरं म्हणजे तो व्हॉलीबॉलचा खेळाडू. देवळासमोरच्या मोकळ्या जागेत नेट लावून संध्याकाळी खेळायचे, त्यातला. आमचे जुने साहेब एकदा पेडण्याला जत्रेला गेले होते. तिथे हा उंचच उंच, काटकुळा पोरगा नेटाच्या वर अर्धा निघून चेंडू खाली ठोकताना त्यांनी पाहिला. त्याला बोलावून त्यांनी विचारलं, "आमच्याकडे गोलकीपर म्हणून येशील?"

त्यानं विचारलं, "गोलाचो बार किती उंच आसता?"

"आठ फूट."

"म्हंजे आमच्या नेटापरास एक नख वयर. येतंय."

हे खरंच आहे. मी नंतर नियमांची पुस्तकं काढून पाहिली. व्हॉलीबॉलच्या नेटात आणि फुटबॉलच्या आडव्या बारात एका सेंटिमीटरचा फरक आहे. या एका सेंटिमीटरवर त्यानं सगळं तत्त्वज्ञान उभं केलं होतं. दोन्ही खेळांत चेंडू तसाच, उंची तीच, मग खेळ दोन कसे? लोकांनी उगाच दोन नावं ठेवली आहेत. "तुला कुठला खेळ जास्त आवडतो?" असं कुणी विचारलं की तो त्या माणसाकडे दयेनं पाही. डाव्या डोळ्यानं जास्त चांगलं दिसतं की उजव्या, असं कुणी विचारल्यावर आपण पाहू तसं.

तत्त्वज्ञान डोक्यात ठेवलं असतं तर माझी काही तक्रार नव्हती. पण त्यानं बरोब्बर त्या मापाची एक बांबूची काठी तोडून घेतली होती. वरच्या टोकाशी एक बारीक खाच. खाचेपर्यंत नेट, टोकापर्यंत बार. प्रत्येक सामन्याआधी तो ही काठी घेऊन मैदानावर जायचा आणि बार मोजायचा, दोन्ही टोकांना आणि मध्ये. मग पलीकडच्या संघाचा बार. आठ फुटांची काठी बसमध्ये मावत नाही. ती टपावर चढवायची, उतरवायची आणि कंडक्टरशी भांडायचं हे काम संघाचा सेक्रेटरी म्हणून माझ्याकडे आलं. एकदा म्हापशाच्या स्टँडवर ती टपावरून सुटून उंडे म्हणजे गोल पाव विकणाऱ्या पोदेराच्या टोपलीत पडली. ताजे, गरम उंडे रस्त्यावर विखुरले. पोदेर मला बडबडत होता. हा मात्र काठी उचलून टोक तुटलं नाही ना हे पाहत होता. मग त्यानं रस्त्यातले सगळे उंडे वेचले, झटकले आणि आम्हा अकरा जणांना तेच नाश्त्याला खायला लावले. स्वतः पाच खाल्ले.

त्याला शिकवणं ही दुसरी डोकेदुखी. आमचे कोच शांत स्वभावाचे होते, निदान तो येईपर्यंत होते. संघाचा दम वाढावा म्हणून ते सगळ्यांना पहाटे मयेच्या तळ्याभोवती पळवायचे. सगळे सरळ पळायचे, हा उलटा पळायचा, पाठ पुढे करून. का, तर गोलकीपरलाही मागेच जावं लागतं आणि व्हॉलीबॉलमध्ये चेंडू डोक्यावरून गेला तरी मागेच जावं लागतं, पुढे पळून करायचं काय? एका पहाटे तो असाच पळत जाऊन गवताचे भारे नेणाऱ्या दोन बायांवर आदळला. भारे तळ्यात. त्या बायांनी त्याच्या सात पिढ्या काढल्या. तो कमरेएवढ्या पाण्यात उतरून भारे बाहेर काढत होता आणि तिथूनच कोचना सांगत होता, "सर, मागे डोळे नाय, म्हणून आयकूक शिकाक होया. आज आयकूक नाय आयला, चूक माझी."

खेळताना तो दोन्ही खेळ एकमेकांत कालवायचा. गोलात उभा असताना वरून आलेला चेंडू धरायच्या ऐवजी तो हवेत उडून तळहातानं असा काही ठोकायचा की चेंडू थेट अर्ध्या मैदानावर. एकदा तो चेंडू आमच्याच बॅकच्या मानेत बसला. बिचारा तीन दिवस डाव्या बाजूलाच बघत होता. उलट व्हॉलीबॉलमध्ये, कोर्टाबाहेर जाणाऱ्या एका चेंडूसाठी यानं पाय घातला आणि तो असा सुंदर वर उचलला की बघणारे उभे राहिले. तेव्हाच्या नियमात व्हॉलीबॉलला पाय लागला की फाउल. त्या एका गुणावर पेडण्याचा संघ हरला. मी विचारलं, "अरे, नियम माहीत नाही का तुला?"

"माका माहीत आसा. पायाक माहीत नाय."

पण मी उगाच तक्रारी करतो असं वाटायला नको म्हणून सांगतो, तो फार मोठा खेळाडू होता. मला खेळ कळत नसूनही हे कळत होतं. तो गोलात असला की समोरचे खेळाडू जरा लवकर चेंडू मारायचे, घाईत, आणि चुकायचे. त्याच्याकडे बघूनच चुकायचे. तीन वर्षं आमच्या संघावर गोल करणं ही डिचोली तालुक्यात सांगायची गोष्ट झाली होती. आणि फुटबॉल संपून उन्हं तापायला लागली की हा मुंबईला. तिथल्या एका कारखान्याचा व्हॉलीबॉलचा संघ होता, मोठमोठ्या स्पर्धांना जाणारा. त्यांनी त्याला उन्हाळ्याच्या तीन महिन्यांसाठी नोकरीवर घेतलं होतं, त्यांच्या मस्टरवर हेल्पर म्हणून. म्हणजे वर्षातले तीन महिने एकच माणूस डिचोलीत फिटर असायचा आणि मुंबईत हेल्पर, आणि प्रत्यक्षात नेटाजवळ उडत असायचा.

आडव्या बाराचा किस्सा सांगतो, म्हणजे हा माणूस काय होता ते कळेल.

खाणकंपन्यांच्या आपापसातल्या स्पर्धेचा शेवटचा सामना होता. जिंकलो तर साहेबांनी प्रत्येक खेळाडूला कायम करायचं कबूल केलं होतं. ऊन रणरणत होतं. पणजीहून एक मोठे पाहुणे आले होते, त्यांना गाडीतून उतरवून मंडपात बसवलं होतं. आणि आमचा फिटर काठी घेऊन आमच्याच गोलाशी उभा. त्यानं हात वर केला. रेफरी गेला, मागोमाग मी.

"बार कमी आसा," तो म्हणाला. "उजव्या अंगाक दोन बोटां खाली."

रेफरीनं काठीकडे बघितलं. उजवा खांब जमिनीत थोडा खचला होता, त्यामुळे बार त्या बाजूला खरंच कललेला होता. "दोन बोटांनी काय होतंय?" रेफरी म्हणाला. "खेळा."

"मी नाय खेळूचंय."

मी त्याला बाजूला घेतलं. चिडलो की माझी मालवणी जाते आणि शुद्ध मराठी येते. "अरे, हा गोल आपल्या बाजूचा आहे. बार खाली आहे म्हणजे गोल लहान झाला. तुझाच फायदा आहे. कळतंय का?"

"कळता. म्हणून तर सांगतंय."

तो बाराखाली मांडी घालून बसला. मग कुदळ आणली, पहार आणली, खांबाभोवतीची माती उकरली, चार जणांनी खांब वर उचलला, खाली चपटा दगड सरकवला, माती ठोकली. पाऊण तास गेला. पाहुणे मंडपात घाम पुसत होते आणि साहेब माझ्याकडे बघत होते. मी काय केलं होतं?

पूर्वार्ध संपता संपता समोरच्या संघाच्या एका पोरानं लांबून चेंडू मारला. उजव्या कोपऱ्यात, अगदी बाराला चाटून, आत. त्या पाऊण तासापूर्वी तो चेंडू बारावर आपटून परत आला असता. मी शपथेवर सांगतो, आला असता. तेवढ्या एका गोलानं आम्ही हरलो. कायम होणं तिथेच राहिलं. परतीच्या बसमध्ये कुणी त्याच्याशी बोलत नव्हतं. मीच शेवटी त्याच्याशेजारी जाऊन बसलो, कारण मला बोलल्याशिवाय राहवत नाही.

"झालं समाधान?"

"गोल बरो होतो," तो म्हणाला.

"अरे, तू गप्प बसला असतास तर तो गोल झालाच नसता!"

त्यानं थोडा विचार केला. "नसतो जालो," तो म्हणाला. "पण त्या पोरान मारलो बरो होतो मगे."

मी उठून पुढच्या बाकावर जाऊन बसलो.

आता हजेरीचं सांगतो.

तो मुंबईत असताना मी त्याची हजेरी लावायचो. जुन्या साहेबांनी तोंडी सांगितलं होतं, "खेळाडू आहे, परत येतोच आहे, लाव." मी लावत गेलो. रोज सकाळी त्याच्या नावापुढे "हजर", त्याच निळ्या शाईनं, त्याच अक्षरात. चौथ्या वर्षी जुने साहेब निवृत्त झाले आणि नवे आले. नव्यांना फुटबॉलचं कौतुक नव्हतं. त्यांना शिस्तीचं होतं. दोन महिने ठीक गेले. मग एका सकाळी त्यांनी मला आत बोलावलं. टेबलावर मुंबईचं वर्तमानपत्र उलगडून ठेवलं होतं. त्यात फोटो होता. नेटाच्या वर अर्धा निघालेला आमचा फिटर, अंगात दुसऱ्याच कारखान्याची बनियन, खाली ठळक नाव. शेजारी माझं मस्टर. त्याच तारखेला त्याच नावापुढे "हजर".

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

मी काय बोललो ते मला आठवत नाही.

तो मुंबईहून परत आल्यावर चौकशी झाली. साहेबांच्या खोलीत तिघेच होतो. मी आदल्या दिवशी त्याला टाइम ऑफिसच्या मागे नेऊन नीट समजावलं होतं. "तुला विचारलं तर म्हण, हजेरीचं मला काही ठाऊक नाही. फक्त एवढंच. तुला खरंच ठाऊक नाहीच आहे. पुढचं मी बघतो." माझ्या लग्नाला तेव्हा वर्ष झालं होतं. बायकोचे दिवस भरत आले होते. नोकरी गेली असती तर तिला घेऊन गावी जाऊन बसायचं, एवढाच मार्ग होता. हेही मी त्याला सांगितलं. तो मान डोलावत होता.

साहेबांनी विचारलं, "या दिवशी तू खाणीवर होतास?"

"नाय. मुंबयत होतंय."

"मग ही हजेरी कुणी लावली?"

त्यानं मस्टर आपल्याकडे वळवून घेतलं, वाकून पाहिलं आणि म्हणाला, "ह्यांनी. ह्यांचा अक्षर बरा आसा, लगेच वळखता."

तो माझ्याकडे बघून हसला. मदत केल्यासारखा.

साहेबांनी त्याला बाहेर बसायला सांगितलं. दार लागलं. आता मी जे सांगतो ते मी पुढे कैक वर्षं कुणाला सांगितलं नाही, बायकोलासुद्धा नाही. साहेब म्हणाले, "तुमच्याबद्दल मी जुन्या साहेबांना विचारलं. त्यांनी तोंडी हुकूम दिल्याचं कबूल केलंय. तुम्हाला लेखी ताकीद देऊन सोडतो. पण त्याचं काय करू? काढून टाकू?"

मी म्हणायला हवं होतं, साहेब, चूक माझी आहे. पण मला इतका राग आला होता की कानशिलं तापली होती. मी म्हणालो, "काढू नका साहेब. मस्टरवर फिटर आहे ना? मग जेवढे दिवस खोटे लागले तेवढे दिवस वर्कशॉपमध्ये खराखुरा फिटर म्हणून भरून घ्या त्याच्याकडून. कळू दे काम काय असतं ते."

साहेबांना ते आवडलं. शिस्तीच्या माणसाला आवडण्यासारखंच होतं.

त्या वर्षीचे एकूण अडुसष्ट दिवस निघाले. तो दुसऱ्या दिवसापासून कामावर यायला लागला. मला वाटलं होतं कंटाळेल, चिडेल, निदान माझ्याशी बोलणं टाकेल. छे. आठवड्याभरात तो कन्व्हेयरचे रोलर बदलायला शिकला आणि जेवणाच्या सुट्टीत टाइम ऑफिसात येऊन, तेलकट हात माझ्या मस्टरपासून लांब धरून, मला बेअरिंग म्हणजे काय ते समजावून सांगायला लागला. वर्कशॉपचा मिस्त्री म्हणाला, असा हेल्पर दहा वर्षांत मिळाला नव्हता.

सत्तावन्नाव्या दिवशी चेनब्लॉकची साखळी सुटली. वर उचललेला लोखंडी रोलर खाली आला. खाली त्याचा उजवा हात होता.

दवाखान्यात मी गेलो तेव्हा हाताला कोपरापर्यंत बँडेज होतं. मधली दोन बोटं पेरापासून कापावी लागली होती. मी खाटेजवळ उभा राहिलो. मला सगळं सांगून टाकायचं होतं, साहेबांच्या खोलीत दार लागल्यावर मी काय बोललो ते. त्यानं डोळे उघडले.

"भाऊ," तो म्हणाला, "किती दिवस उरले?"

"कसले?"

"वर्कशॉपाचे."

"अकरा," मी म्हणालो. आणि बाकीचं सगळं गिळून टाकलं.

बँडेज सुटायच्या आत, साहेबांनी माफ केलेलं असताना, मी हात जोडलेले असताना, तो येऊन ते अकरा दिवस डाव्या हातानं भरून गेला. त्यानं स्वतः मस्टरवर बोट ठेवून माझ्याकडून अडुसष्टावा "हजर" लिहून घेतला.

इथे एखाद्या शहाण्या माणसाचं खेळाडूपण संपलं असतं. मी तर त्या काळात झोपेतही धरून चाललो होतो की ते संपलं आणि मी संपवलं. कंपनीनं दुसरा गोलकीपर आणला. मी ठरवलं होतं, याला आयुष्यभर जमेल तेवढी मदत करायची. पण त्या माणसानं मला तेवढाही उपयोग होऊ दिला नाही. पुढच्या पावसाळ्यानंतर तो मैदानावर हजर, या वेळी बचावफळीच्या मध्यभागी. हातांचं काम नाही ना, मग उडी मारून डोकं लावतो, म्हणाला. जो माणूस नेटाच्या वर अर्धा निघायचा त्याच्या डोक्याच्या उंचीवर दुसऱ्या कुणाचं डोकं पोचणार? कोच आधी माझ्यावर चिडले, मीच पाठवलंय असं समजून. मग तीन सामन्यांत हा डोक्यानं चेंडू परतवत राहिला आणि चौथ्या सामन्यात डोक्यानंच गोल केला, तेव्हा गप्प झाले. तीन वर्षं तो असा खेळला. आणि रोज पहाटे सड्यावर जाऊन डाव्या हातानं चेंडू ठोकायची सवय केली. दोन वर्षांनी मुंबईच्या कारखान्यानं त्याला परत बोलावलं. समोरच्यांना डावखुऱ्याचा मारा समजेना. या खेपेला त्यानं जाताना रीतसर बिनपगारी रजेचा अर्ज लिहिला. उजव्या हाताच्या उरलेल्या बोटांनी लिहिलेला. अक्षर भयंकर होतं, पण मी तो पुन्हा लिहून घ्यायला सांगितला नाही.

दोन्ही खेळांत माणसानं एकेकदा नाव काढावं हे समजण्यासारखं आहे. यानं दोन-दोनदा काढलं. मी मात्र तिथल्या तिथेच राहिलो, त्या बंद दारामागे.

खाण सुटली, मी निवृत्त झालो, डिचोलीतच लहानसं घर बांधलं. तो पेडण्याला गेला, गावच्या शाळांतल्या मुलामुलींना दोन्ही खेळ शिकवायला लागला, कुणी बोलावलं नसताना. दर मे महिन्यात एकदा तो न कळवता आमच्याकडे यायचा, पिशवीत मानकुराद आंबे घेऊन. बायकोला तो फार आवडायचा. "माणूस साधो आसा," ती म्हणायची. मी म्हणायचो, "साधा? त्याच्यामुळे तुला बाळंतपणाला गावी जावं लागलं असतं कायमचं!" ती म्हणायची, "पण जावक लागला नाय मगे." दोघांनी मिळून मला छळायचं ठरवलेलं असावं.

त्याच्या पिशवीतला पहिला आंबा हातात घेतला की मला दरवर्षी त्याची ती दोन अर्धी बोटं दिसायची. दरवर्षी मी ठरवायचो की या वेळी सांगायचं. मग तो कुठल्या तरी पोरीच्या सर्व्हिसबद्दल बोलायला लागायचा, आणि राहून जायचं.

मोपाच्या सड्यावर विमानतळाचं काम सुरू झालं त्या सुमारास तो आला होता. मी सत्तरी ओलांडली होती, त्याचे केसही पांढरे झाले होते. सड्यावर आता यंत्रं फिरतात, पोरांना खेळायला दुसरी जागा शोधावी लागली, असं सांगत होता. नवी जागा मिळाली होती, शेतमळ्यात, पण तिथे माती फार मऊ आहे, पोरं बिघडतील, ही त्याची तक्रार. मी त्याला मध्येच थांबवलं.

"मला तुला एक सांगायचंय. ऐकून घे आणि मग काय ते बोल." मी खुर्चीचे हात घट्ट धरले होते. "त्या चौकशीच्या दिवशी तुला बाहेर बसवलं होतं. तुला वर्कशॉपला लावायचं साहेबांच्या मनात नव्हतं. ते मी सुचवलं. रागानं सुचवलं. तुझी बोटं माझ्यामुळे गेली."

तो आंबा पिळत होता. पिळणं थांबलं नाही.

"ठावक आसा माका," तो म्हणाला.

"काय ठाऊक आहे?"

"ह्याच. सायबान त्याच सांजे सांगल्यान. म्हणालो, तुझ्या कारकुनानच सुचवलान, नाय तर काढून टाकतलो होतंय."

मी उभा राहिलो. कधी उभा राहिलो ते कळलं नाही. "तुला तेव्हापासून माहीत होतं? दवाखान्यात मी आलो तेव्हा माहीत होतं?"

"होय तर."

"आणि चाळीस वर्षं बोलला नाहीस?"

"तुमी खंय इचारलात?"

"राग नाही आला तुला? खोटं बोलू नकोस. बोटं गेली तुझी!"

"आयलो ना. बरोच आयलो." त्यानं आंब्याची साल बशीत ठेवली आणि हात पुसले. "सात-आठ म्हयने होतो. मग फुटबॉलचो सीझन सुरू जालो. मग मुंबय. मग परत सीझन. रागाक वेळच गावलो नाय."

"आणि मी? मी चाळीस वर्षं दरवर्षी हे..." त्याच्यावर ओरडावं की त्याच्या पायाशी बसावं हे मला कळत नव्हतं, आणि हे असं न कळणं त्याच्यामुळेच होतं याचाही राग येत होता.

त्यानं माझ्याकडे वर पाहिलं. त्या नजरेत खरी काळजी होती.

"तुमी कसलोच खेळ खेळूक नाय ना भाऊ," तो म्हणाला. "म्हणून तुमका वेळ गावलो."

स्वयंपाकघरात बायको हसली. मी तिच्यावरही चिडलो. मग खाली बसलो आणि त्यानं पुढे केलेला आंबा घेतला.